पाचवा वाढदिवस: सातारा ते वाई

गेल्या वर्षी माझ्या लेकीने स्वतःच्या वाढदिवसाचा निम्मा वेळ टेबलाखाली काढला. जलपरीची थीम होती. डेकोरेशनवाल्याच्या मोबाइलमधले तीस-चाळीस फोटो बघून मीच ती निवडली होती. निळ्या-जांभळ्या फुग्यांची कमान, मागे समुद्राचा पडदा, तीन किलोंचा फाँडंटचा, म्हणजे साखरेच्या लगद्याचा थर दिलेला केक, छोटा हॉल, साठ माणसं. शिवाय पॅकेजमध्येच होता म्हणून अस्वलाचा पोशाख घातलेला एक माणूस. ते अस्वल दारातून आत आलं आणि लेक जी टेबलाखाली शिरली ती बाहेर येईना. केक कापायला तिला उचलूनच आणावं लागलं. फोटोत आम्ही सगळे हसतोय आणि तिचे डोळे रडून सुजलेत. तो फोटो मी कधी भिंतीवर लावला नाही.

म्हणून यंदा जूनमध्येच, शाळा सुरू झाल्या झाल्या, मी तिला विचारलं, "तुला कसला वाढदिवस हवा?" मला वाटलं होतं युनिकॉर्न म्हणेल. वर्गातल्या दोघींचे युनिकॉर्नचे झाले होते.

"एसटीचा," ती म्हणाली.

माझे बाबा वाईला असतात. एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं. आम्ही साताऱ्यात. महिन्यातून दोन रविवार तरी त्यांच्याकडे जातो आणि जाताना एसटीनेच जातो, कारण घरात गाडी असली तरी लेकीला ती 'खोटी गाडी' वाटते. स्टँडवर उभी राहून ती लांबूनच ओळखते, शिवशाही कुठली आणि लालपरी कुठली. खिडकीची जागा, खिडकीतला आडवा दांडा आणि डबल बेल, एवढं मिळालं की तिला बाकी काही लागत नाही.

खरं सांगायचं तर दोन दिवस मी तिचं मन वळवायचा प्रयत्न केला. एसटीचं डेकोरेशन कुठे मिळतं? एसटीच्या प्लेट्स, टोप्या, पडदा, काहीच बाजारात नाही. नवरा म्हणाला, "मिळत नाही हेच बरं आहे. आपण करू." सासूबाईंना विचारलं तर त्यांचं एकच म्हणणं, "पोरगी रडणार नसेल तर काही पण करा." मग ठरलं. हॉल नाही, घरीच. बिल्डिंगमधली आणि शाळेतली मिळून अकरा मुलं. वेळ साडेचार ते साडेसहा. दोन तासांच्या वर या वयाची मुलं तग धरत नाहीत हे गेल्या वर्षी पाहिलं होतं. सात वाजता आयांशी गप्पा रंगात आल्या होत्या आणि पोरं खुर्च्यांवरून उड्या मारत एकमेकांना बोचकारत होती.

बाबांना फोन केला. आधी ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिकिटं मी करतो."

ते आठ दिवस आधीच आले, पिशवीत कार्डशीट घेऊन. गुलाबी, पिवळं, हिरवं, पांढरं. मशिनं येण्याआधी कंडक्टरच्या पेटीत अशीच रंगीत तिकिटं असायची, दराप्रमाणे रंग वेगळा, एकेका रंगाचा गठ्ठा. चिमट्याने भोक पाडून फाडून द्यायचं. माझ्या लहानपणी त्या चिमट्याची टकटक हाच बाबा घरी आल्याचा आवाज होता. ड्यूटीवरून आले की अंगणातच दोनदा वाजवायचे. निवृत्त होताना पेटी, चिमटा सगळं डेपोत जमा करावं लागलं. त्यामुळे आता दुकानातून कागदाला भोक पाडायचं साधं पंच मशिन आणलं. त्याचा आवाज तसा येत नाही. बाबांनी ते दोन-तीनदा दाबून पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

आमंत्रणपत्रिका म्हणजे तिकीटच. एका बाजूला 'सातारा ते वाई, एक हाफ', खाली तारीख आणि 'सुटण्याची वेळ ४:३०, परत ६:३०'. हाफ का, तर एसटीत पाच वर्षांपर्यंत तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. म्हणजे या वाढदिवसापासून आमच्या बाईसाहेबांना तिकीट लागणार होतं. हे बाबांच्याच डोक्यातून निघालं. लेकीला त्यांनी ते इतकं गंभीरपणे सांगितलं, की ती सगळ्या बिल्डिंगभर 'मला आता तिकीट लागतं' असं सांगत सुटली.

केक मात्र माझ्याकडे होता. बाहेर चौकशी केली तर फोटो दाखवल्यावर बहुतेकांनी बसची छापील प्लेट वर चिकटवून देऊ म्हणून सांगितलं. मला ते नको होतं. तिला चाकं असलेली बस हवी होती. मी घरी केक करते, पण गोल, साधे, चहाबरोबर खायचे. उभी बस कधी केली नव्हती. म्हणून आठवडाभर आधी रंगीत तालीम घेतली आणि ती घेतली हे फार बरं झालं.

सासूबाई अंडं खात नाहीत, येणाऱ्यांतलीही तीन घरं खात नव्हती, म्हणून दह्याचा केक. माझं प्रमाण असं: एक कप घट्ट ताजं दही, त्यात पाऊण कप पिठीसाखर फेटून घ्यायची, मग सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून पाच मिनिटं तसंच ठेवायचं. दही फसफसून वर येतं. मग अर्धा कप तेल, व्हॅनिला आणि दीड कप चाळलेला मैदा. मैदा घातल्यावर घोटायचं नाही, हलक्या हाताने एकत्र करायचं, नाहीतर केक चिवट होतो. लोफच्या आठ इंची टिनमध्ये १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. असे दोन लोफ, वरचे फुगवटे कापून एकावर एक ठेवले की बसचा आकार येतो.

तालमीत आकार जमला, रंग फसला. व्हिपिंग क्रीम पांढरंशुभ्र, त्यात हवा भरलेली. बाटलीतला पातळ लाल रंग थेंब थेंब घालत गेले आणि क्रीम गुलाबी, मग जास्त गुलाबी, मग पातळ. चव घेतली तर जिभेवर कडसर. लेकीने येऊन बघितलं आणि विचारलं, "हिला ताप आलाय का?"

एसटीचा लाल हा नुसता लाल नाही, त्यात थोडा विटेचा, थोडा धुळीचा रंग आहे. हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, चमचा हातात धरून. मग क्रीममध्ये आधी दोन चमचे कोको पावडर घातली. बदामी रंग आला. त्यावर जेलचा घट्ट लाल रंग, थोडासाच. तरी मनासारखा आला नाही म्हणून कंटाळून भांडं झाकून फ्रिजमध्ये टाकलं. सकाळी उघडलं तर लालपरी! जेल रंग रात्रभरात मुरून गडद होतो, हे ज्यांना माहीत असतं ते म्हणूनच दुपारी घाबरून जास्त रंग ओतत नाहीत. मी बाबांना वाटी दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, वाटी खिडकीपाशी नेली आणि म्हणाले, "जुन्या गाडीचा आहे. बरोबर आहे."

आता आदल्या दिवसाची गोष्ट. जुलै महिना, साताऱ्याचा पाऊस. दुपारी दोन्ही टिन ओटीजीमध्ये, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये ठेवले आणि अठराव्या मिनिटाला लाइट गेली. इन्व्हर्टरवर ओटीजी चालत नाही. दार उघडू नये हे कळत होतं, उघडलं नाही, पण अर्ध्या तासाने लाइट आली तोवर दोन्ही केक मध्ये खड्डा पडून बसले होते. पीठ चिकट, कडा कोरड्या. मी ओट्याला टेकून उभी राहिले. रडू आलं मला. त्या क्षणी मला वाटलं, तीन किलोंचा केक फोनवर सांगितला असता तर आत्ता मी तिच्याशी खेळत असते.

सासूबाईंनी मोठं जाड बुडाचं पातेलं काढलं. तळाला वाटीभर खडं मीठ पसरलं, त्यावर कुकरची जाळी, वर ताट. "आमच्या वेळेला कुठे होता ओव्हन," एवढंच म्हणाल्या. दहा मिनिटं मोठ्या आचेवर पातेलं तापवलं, मग नव्या पिठाचा टिन आत, झाकणावर वजन म्हणून खलबत्त्यातला खल, आणि गॅस अगदी बारीक. एका वेळी एकच टिन मावत होता. पहिल्याला पन्नास मिनिटं लागली, दुसऱ्याला पंचेचाळीस. वरून रंग फिका राहिला, पण सुरी खुपसली तर कोरडी बाहेर आली आणि आतून ओव्हनपेक्षा मऊ झाला होता. बसलेले केक वाया घालवले नाहीत. कडेचा चांगला भाग कुस्करून वाट्यांत घातला, वर उरलेलं क्रीम आणि आंबा. मोठ्या माणसांची सोय झाली.

स्पंज रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचाच. ताजा कापला तर भुगा होतो, गार झालेला पनीरसारखा कापता येतो. सकाळी पाचला उठून फुगवटे छाटले, साखरेचं पाणी शिंपडलं, दोन्हींच्या मध्ये क्रीम आणि मिक्सफ्रूट जॅम. मग बाहेरून क्रीमचा एक पातळ हात. त्यात सगळा भुगा चिकटून बसू द्यायचा, अर्धा तास फ्रिजमध्ये घट्ट करायचा आणि मग खरा लाल थर. हा मधला हात मी पूर्वी टाळायचे आणि माझे केक नेहमी खरबरीत दिसायचे. खालच्या बाजूला पांढरा पट्टा. खिडक्या पांढऱ्या फाँडंटच्या, त्यावर बारीक आडवे दांडे. चाकं म्हणजे चॉकलेटची क्रीम बिस्किटं. हेडलाइटला पिवळ्या गोळ्या. फाँडंट पावसात घाम धरतो. 'सातारा-वाई' ही पाटी मी आधी फाँडंटवर खाण्याच्या शाईने लिहिली होती, फ्रिजमधून काढल्यावर दहा मिनिटांत अक्षरं ओघळली. मग साध्या कागदाची पाटी केली, ती जाड पेपर स्ट्रॉला लावून टपावर खोचली. टूथपिक मुद्दाम घेतली नाही. चार-पाच वर्षांची मुलं केकचा घास थेट तोंडात कोंबतात.

फुगेही आणले नाहीत. येणाऱ्यांत दोघांची दीड-दोन वर्षांची भावंडं होती आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे त्या वयाची मुलं तोंडात घालतात. घशाला चिकटला तर श्वास अडकतो. त्याच कारणाने खारे शेंगदाणे बाद केले, जरी स्टँडवरच्या पुडीशिवाय एसटीचा प्रवास पुरा होत नाही. पुड्या केल्याच, पण आत चुरमुरे आणि बारीक शेव. बाकी खाणं कँटीनचं: बिनतिखटाचे छोटे बटाटेवडे, लादीपाव, कोकम सरबत. एवढंच. गेल्या वर्षी सात पदार्थ होते आणि मुलांनी फक्त वेफर्स खाल्ले होते.

हॉलमधला सोफा आत सरकवून बाबांनी आणि नवऱ्याने खुर्च्या मांडल्या, दोन-दोनच्या ओळी, मध्ये वाट. पुढे फ्रिजचा खोका कापून बसचं तोंड, त्यावर कुकरच्या झाकणाचं स्टेअरिंग. भिंतीवर लेकीने स्वतः रंगवलेल्या पाट्या. एका पाटीवर बाबांच्या अक्षरात 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय', एका जागेवर 'आमदारांसाठी राखीव'. खिडकीच्या गजापासून दारापर्यंत सुतळी, टोकाला गावच्या घरातली बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला.

साडेचारला दोनच मुलं आली, पाच वाजता सगळी. बाबा खाकी शर्ट घालून दारात उभे. तो शर्ट त्यांनी वाईहून इस्त्री करून आणला होता, आम्हाला न सांगता. प्रत्येकाचं तिकीट बघून पंच करून आत सोडत होते. आत गेल्यावर पुन्हा तिकीट काढायचं होतं आणि पैसे म्हणून पिस्त्याची टरफलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. रंगीत कागदाच्या नोटाही होत्या काही, आणि बाबांनी त्या घेतल्या तशा उभ्या दुमडून डाव्या हाताच्या बोटांत धरल्या. प्रत्येक बोटाच्या फटीत वेगळी नोट, न बघता. तेरा वर्षं झाली निवृत्त होऊन. बोटं विसरली नव्हती. एका मुलाला त्यांनी म्हटलं, "सुटे नाहीत, मागे लिहून देतो," आणि तिकिटामागे पेन्सिलीने '२ टरफलं' लिहून दिलं. तो मुलगा पार्टी संपेपर्यंत ती दोन टरफलं वसूल करायला त्यांच्या मागे फिरत होता.

खेळ एकच ठेवला होता. बस सुटते, थांबे येतात: लिंब फाटा, आनेवाडी, पाचवड, वाई. मग परत. थांबा आला की बाबा ओरडणार, ज्याचा थांबा तो उतरणार, ड्रायव्हर बदलणार. स्टेअरिंगवरून भांडणं होतील म्हणून प्रत्येक थांब्याला ड्रायव्हर बदलायचा हा नियम आधीच ठरवला होता आणि तो चालला. पण एक मुलगा खूप लाजरा, कोणाशी बोलत नाही, शाळेतही नाही असं त्याची आई सांगत होती. तो शेवटच्या जागेवर घंटेच्या दोरीशी बसला. बाबांनी त्याला विचारलं, "गाडी सोडू का साहेब?" त्याने दोनदा दोरी ओढली. त्यानंतर पुढचा पाऊण तास त्याच्या घंटीशिवाय बस हलली नाही. सगळी पोरं मागे वळून त्याच्याकडे बघायची, आणि तो अगदी शांतपणे, वेळ घेऊन, टण टण. वाई-सातारा पाच फेऱ्या झाल्या. मी छापून ठेवलेली चित्रं रंगवायची राहिली, गाण्यांची यादी लावायची राहिली. कोणाला आठवणही झाली नाही.

मध्येच बाबांनी मुलांना पहिल्या एसटीची गोष्ट सांगितली, १ जून १९४८ला नगरहून पुण्याला गेलेली. ही गोष्ट ते मलाही सांगायचे. माझा वाढदिवस आषाढातला. पंढरपूरच्या यात्रेला जादा गाड्या सुटायच्या आणि बाबा बहुतेक वेळा तिकडेच असायचे. दोन-तीन दिवसांनी यायचे, रात्री उशिरा वेबिलं, हिशेब सगळं उरकून, आणि उशाशी कुंकू लावलेलं नारळ नि चुरमुऱ्यांची पुडी ठेवायचे. मी जागी असायचे पण डोळे मिटून पडायचे. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी भांडी आवरताना सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत होतं. तुझ्या पापण्या हलायच्या."

केकवर मेणबत्त्या लावायच्या की नाही यावर घरात दर वर्षी थोडं होतं. सासूबाईंना वाढदिवसाच्या दिवशी ज्योत फुंकलेली पटत नाही. एरवी त्या बोलत नाहीत, देवघरात निघून जातात. यंदा मी आधीच ठरवलं होतं. पाच निरांजनं लावून त्यांनी आणि इतर आज्यांनी लेकीला ओवाळलं, सगळ्या मुलांनी ओळीने तिच्या कपाळाला अक्षता लावल्या, निम्म्या तिच्या केसांत गेल्या. निरांजनं देवाजवळ तेवत ठेवली. मग बस टेबलावर आली. फुंकर नाही, बाबांनी विचारलं, "सोडायची का गाडी?" मागून टण टण आणि लेकीने सुरी चालवली.

पण कापताना एकदम थांबली. "चाक नको कापू. चाक मला."

चारही चाकं तिच्या ताटलीत गेली. खिडक्यांवरून मुलांची झुंबड उडाली. लाल रंगाने सगळ्यांचे ओठ, बोटं, एका मुलीचा पांढरा फ्रॉक रंगला. त्या फ्रॉकचं मला वाईट वाटलं, तिच्या आईला मी लगेच थंड पाणी आणि साबण दिला, बराचसा डाग निघाला. गडद रंगाचा केक असेल तर आमंत्रणातच 'पांढरे कपडे नकोत' असं लिहावं, हे आता पुढच्या वेळेसाठी वहीत लिहून ठेवलंय. खर्चही लिहिलाय: गेल्या वर्षी सगळं मिळून अठ्ठावीस हजार, यंदा साडेतीन हजारांच्या आत. जाताना मुलांना भेट म्हणून बाबांनी कापून दिलेल्या कोऱ्या रंगीत तिकिटांचा एकेक गठ्ठा, रबरबँड लावून, आणि एक पेन्सिल. दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंगच्या जिन्यात पायऱ्यांवर एसटी धावते आहे. दुधवाल्यालाही तिकीट काढावं लागतं.

पुढच्या रविवारी बाबांना सोडायला वाईला निघालो, ते, मी आणि लेक. पाऊस थांबला होता. सातारा स्टँडवर लालपरी मिळाली, खिडकीची जागाही. कंडक्टर तरुण होता, हातात मशिन. लेक सीटवर उभी राहिली आणि म्हणाली, "वाई, एक हाफ."

"किती वर्षांची?"

"पाच. गेल्या मंगळवारी झाले."

कंडक्टरने मान हलवली आणि मशिनवर बटणं दाबली. महिला सवलतीत माझं तिकीट अर्धं, बाबांचा पास घरी राहिला होता म्हणून ज्येष्ठांच्या सवलतीत त्यांचंही अर्धं. तिघांची तीन तिकिटं हातात आल्यावर लेकीने विचारलं, "आजोबा, तुम्ही पण पाच वर्षांचे?"

बाबांनी सवयीने तिकीट उभं दुमडून घड्याळाच्या पट्ट्यात खोचलं. तिने त्यांच्याकडे बघितलं, स्वतःचं मनगट बघितलं. घड्याळ नव्हतं. मग आपलं तिकीट तसंच उभं दुमडून हेअरबँडमध्ये खोचलं. वाई येईपर्यंत ते तिथेच होतं, आनेवाडीला वाऱ्याने हललं तेव्हा तिने हात लावून बघितलं तेवढंच.